खडूची रेघ

मिस्त्रींविषयी लिहायचं मी आठ वर्षं टाळलं. लिहायला बसलो की आधी त्यांचा हात डोळ्यांपुढे येई आणि मी कागद बाजूला सारी.

तो हात असा. मिस्त्री गाडीच्या मडगार्डसमोर उकिडवे बसत, डोळे मिटून घेत आणि डाव्या हाताचा तळवा पत्र्यावरून सावकाश फिरवत. तापलेल्या लेकराच्या पाठीवरून फिरवावा तसा. फिरता फिरता तळवा कुठंतरी थांबे. "हितं," ते म्हणत. मी चष्मा पुसून, मान वाकडी करून बघायचो. मला तिथे गुळगुळीत पत्र्याशिवाय काही दिसायचं नाही. मग ते डोळे उघडत आणि त्यांचं ठरलेलं वाक्य बोलत, "डोला फसवतो, सायेब. हात नाय फसवत."

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. चिमटीत घेऊन तांदूळ जुना की नवा सांगणारा वाणी, नाडीवर बोट ठेवताच गप्प होणारा वैद्य. अशा माणसाचं बाकी काहीही गेलं तरी तो तग धरतो. त्याच्या हातावरचा त्याचा विश्वास मात्र जाता कामा नये. मिस्त्रींचा तो विश्वास मी घालवला. कसा, ते सांगायला बसलो आहे.

ठाण्यातल्या जुन्या गाड्यांच्या हौशी मंडळींनी त्यांच्या स्मरणिकेसाठी माझ्याकडे लेख मागितला. विषय, 'आमची गाडी पुन्हा कशी धावली'. पहिल्या खर्ड्यात मी सहज लिहून गेलो, 'एका वृद्ध कारागिराच्या विसराळूपणामुळे गाडीला किरकोळ अपघात झाला.' दुसऱ्या दिवशी ते वाक्य वाचलं आणि कागद फाडला. मला अठ्ठ्याहत्तर पूर्ण झाली. हा नवा लेख मंडळी छापतील की नाही, ठाऊक नाही. छापला नाही तरी लिहून झालेला असेल.

गाडी मूळची आमच्या थोरल्या शेठची. त्यांच्या ठाण्याच्या कारखान्यात मी कारकून म्हणून लागलो आणि व्यवस्थापक म्हणून निवृत्त झालो. विलायती बनावटीची, काळी, लांब नाकाची, दोन्ही बाजूंना फुटबोर्ड असलेली गाडी. शेठ मागे बसत. मी पुढे ड्रायव्हरशेजारी, मांडीवर फायलींचा गठ्ठा घेऊन. आम्ही तेव्हा कोपरीत राहत होतो. कधी उशीर झाला तर शेठ मला गल्लीच्या तोंडाशी सोडत आणि दर वेळी सांगत, "दार हळू लावा." इतक्या वर्षांत मी ते दार एकदाही जोरात लावलं नाही, तरी सांगत.

थोरले शेठ गेले आणि गाडी कारखान्याच्या मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली गेली. वीस-बावीस वर्षं तिथेच. पुढे कारखाना बंद झाला, जागा बिल्डरकडे गेली, तेव्हा धाकटे शेठ मला फोनवर म्हणाले, "तुम्हाला हवी तर न्या. नाहीतर भंगारवाला येतोच आहे."

आमची ही म्हणाली, "डोंबिवलीच्या दोन खोल्यांत आपण दोघं मावत नाही, आणि हा रणगाडा कुठे बांधणार? ग्रिलला?"

तरी मी ती घेतली. का घेतली, याचं उत्तर त्या वेळी मी 'थोरल्या शेठची आठवण' असं देत असे. खरं उत्तर असं की त्या गाडीच्या स्टिअरिंगमागे मला एकदा बसायचं होतं.

ताडपत्री काढली तर सीटच्या काथ्यात उंदरांचं गाव वसलेलं. मडगार्ड बोट लावलं की पापडासारखे मोडत होते. इंजिन गच्च धरलेलं, समोरून ते फिरवायचं हँडल तसूभर फिरेना. तीन गॅरेजवाले बघून गेले. तिसरा म्हणाला, "शीळफाट्याच्या अलीकडे एक म्हातारा आहे. तो नाही म्हणाला तर मग भंगारच समजा."

शीळफाट्याच्या अलीकडे, रस्त्यापासून जरा आत, चार मजली इमारत होती. त्या म्हाताऱ्याच्या मुलांनी बांधलेली, संगमरवरी पाटीवर बापाचं नाव. एके काळी तिथे त्यांचं भाताचं शेत होतं. इमारतीच्या खाली दोन नव्या कोऱ्या गाड्या उभ्या, आणि त्यांच्या तोंडासमोर पत्र्याची एक काळपट शेड. शेडमध्ये अर्धी चड्डी आणि भोकाभोकांचं बनियन घातलेले मिस्त्री. मी त्यांना आधी नोकरच समजलो. पाणी मागितलं, त्यांनी दिलं. मग मी विचारलं, "मालक कुठे आहेत?" ते म्हणाले, "पानी पिऊन घ्या, मंग सांगतो."

थोरला मुलगा पहिल्याच दिवशी मला बाजूला घेऊन म्हणाला, "काका, तुमी शिकलेले दिसता. तुमी तरी समजवा यांना. या जागेवर चार गाळे निघतात. आणि हे बसलेत ठोकत. गावात लोक हसतात आमाला."

शेडमधून आवाज आला, "लोकांना दात हायत, हसतील."

गाडी टेंपोवरून उतरवली तेव्हा मिस्त्री तिच्याभोवती तीन वेळा फिरले. बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले.

"किती वरसं उभी?"

"वीस-बावीस."

"येवऱ्या वरसांत कोन बोलला नाय हिच्याशी?"

मला हसू आलं. त्यांना आलं नाही.

"घाई हाय?"

"नाही."

"मंग ठेवा."

त्यांनी इंजिनात वरून तेल सोडलं आणि झाकून ठेवलं. रोज सकाळी हँडल हातात घेत, हलकाच जोर देत आणि सोडून देत. मी आठवड्यातून तीन-चारदा डोंबिवलीहून रिक्षानं जायचो आणि उपड्या डब्यावर बसून बघायचो. एकदा राहवलं नाही, म्हणालो, "मिस्त्री, जरा दाबून फिरवा ना." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढचे दोन दिवस गेलो नाही. सतराव्या दिवशी हँडल बोटभर सरकलं. मिस्त्री ओरडले नाहीत की काही नाही. साबणानं हात धुतले आणि घराकडे तोंड करून हाक मारली, "अगो, चा टाक. सायेबांच्या गारीनं कूस बदलली."

त्यांची बायको, जिला मी वहिनी म्हणत असे, चहा घेऊन आली आणि गाडीकडे बघून म्हणाली, "माज्यावर येवरी माया केली आसती तं मी पन चालले आसते फुर्रकन."

मडगार्डना चार महिने गेले. सडलेला भाग कापायचा, नवा पत्रा जोडायचा, खालून लोखंडी ठोकळा धरून वरून लाकडी हातोडीनं ठोकायचं, हात फिरवायचा, पुन्हा ठोकायचं. मी न राहवून लांबीचं नाव काढलं. रंगारी खड्ड्यात भरतात ती लगदी. भरली, घासली, वर रंग मारला की आरशासारखं दिसतं. सगळे तेच करतात. मिस्त्रींनी हातोडी खाली ठेवली.

"लांबी म्हंजे खोटा बोलना, सायेब. वरून गुलगुलीत, आत खड्डा. दोन पावसाले जातात, मंग खोटा फुगून वर येतो."

आज ते वाक्य लिहिताना हात थांबतो.

आणि खडू. मिस्त्रींच्या डाव्या कानावर कायम खडूचा तुकडा असे, नातवाच्या शाळेच्या दप्तरातून उचललेला. एखादा नट पान्यानं शेवटचा आवळून झाला की ते त्यावर खडूची एक आखूड रेघ मारत. अर्धी नटवर, अर्धी पत्र्यावर. नट जरा जरी हलला तरी रेघ मोडलेली दिसायची. पण मुख्य म्हणजे ती काम पुरं झाल्याची सही होती. मध्येच चहा आला, फोन आला, कुणी बोलायला आलं, तरी परत येऊन ते आधी खडू शोधत. रेघ असली तर पुढे, नसली तर पुन्हा पहिल्यापासून.

"मना आता ध्यानात राहत नाय," ते म्हणत. "ध्यानात ठेवाचा काम खडूचा. खडू नाय तं काम नाय झाला. खडू हाय तं झाला."

सत्तरी ओलांडलेल्या माणसानं आपली स्मरणशक्ती अशी खडूच्या हवाली केली होती, आणि त्या व्यवहारात तोवर एकदाही दगा झाला नव्हता. गाडीवर शेकडो रेघा होत्या. ऊन पडलं की नक्षत्रांसारख्या दिसत.

भाद्रपदात इंजिन सुरू झालं. शेडमध्ये इतका धूर झाला की वहिनी पळी हातात घेऊन धावत आल्या, त्यांना वाटलं आग लागली. मिस्त्री धुरात उभे राहून कान देत होते. नवरात्रात रंगाचा शेवटचा हात झाला. फक्त पुढच्या डाव्या चाकाच्या ब्रेकचं काम राहिलं होतं, त्यासाठी ते चाक उतरवलेलं होतं.

खंडेनवमीला मी पेढे घेऊन गेलो. मिस्त्रींनी सगळी हत्यारं धुऊन पुसून लाल कापडावर मांडली होती. हातोड्या, ठोकळे, छिन्न्या आणि मधोमध चाकाचा मोठा पाना. झेंडूची फुलं, हळद-कुंकू. गाडीलाही हार होता, चारी चाकांखाली लिंबं होती.

"चाक बसवलंत?" मी विचारलं.

"ब्रेकचा झाला. चाक निसता लटकवलाय," ते म्हणाले. "पूजेला गारी चार पायांवर उभी पायजे, तीन पायांची कशी पुजाची? नट बोटानं फिरवून ठेवलेत. पाना पूजेत बसला. उद्या सांजेला सोना लुटून आलो का हत्यारां उठवतो, पाना मारतो, खडू मारतो. तवर गारी हलवाची नाय."

त्यांनी हे मला दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा माझ्या दंडाला धरून सांगितलं. यात गैरसमजाला जागा नव्हती, हे मला आज स्पष्ट लिहायचं आहे.

दसऱ्याला दुपारी धाकट्या शेठचा फोन आला. ते परदेशी राहायला निघाले होते, रात्रीचं विमान होतं. "जाण्यापूर्वी बाबांची गाडी एकदा बघतो," म्हणाले. मी त्यांना शीळफाट्याचा पत्ता दिला आणि रिक्षा पकडून स्वतः आधी पोचलो. मिस्त्रींच्या घराला कुलूप होतं. सगळं घर गावदेवीच्या देवळात गेलं होतं. शेडला कधीच कुलूप नसे.

धाकटे शेठ आले. मागच्या सीटवर हात फिरवला. मग म्हणाले, "चालते?"

"चालते."

"एक चक्कर मारू या. तुम्ही चालवा. मी शेजारी बसतो."

वाचकहो, इथे मला एक वाक्य बोलायचं होतं. 'आज नको, एका चाकाचे नट आवळायचे राहिलेत.' बस्स. शेठ 'ठीक आहे' म्हणाले असते, फोटो काढून गेले असते. पण ज्या जागेवर मी फायली घेऊन बसायचो, त्या जागेवर शेठचा मुलगा आपण होऊन बसायला निघाला होता. मी डाव्या चाकाकडे पाहिलं. एकाही नटवर रेघ नव्हती. मग लाल कापडावरच्या पान्याकडे पाहिलं. तो उचलून नट आवळायला दोन मिनिटं लागली असती. पण पूजेत बसलेलं हत्यार, तेही दुसऱ्याचं, त्याला न विचारता कसं उचलायचं? असं मला खरोखर वाटलं. पूजेतला पाना उचलायचं धाडस मला झालं नाही. सैल चाकाची गाडी काढायचं झालं.

इंजिन पहिल्या हँडलला सुरू झालं. लिंबं चिरडल्याचा आवाज आला, शेठ लहान मुलासारखे हसले. "शुभ!" म्हणाले.

आम्ही फर्लांगभर गेलो असू. पुढे रस्ता मोरीकडे उतरतो. स्टिअरिंग थरथरायला लागलं आणि मग आम्ही दोघांनी आमच्याच गाडीचं चाक आमच्या पुढे धावत जाताना पाहिलं. गाडी डाव्या अंगावर बसली, घासत गेली आणि मोरीच्या दगडावर आदळली. मडगार्ड, चार महिने ठोकलेला, आत चेपला. शेठचं कपाळ काचेवर आपटून फुटलं. फार नाही, पण रक्त बघून माणूस घाबरतो.

"चाक कोणी बसवलं होतं?" रुमाल कपाळावर दाबत ते ओरडले.

"मिस्त्रींनी."

"आणि तुम्ही न बघता गाडी काढलीत?"

"बघून काढली," मी म्हणालो. "त्यांची खूण असते खडूची. खूण होती."

हे वाक्य मी रचलं नाही, ते तोंडातून आलं. ते आल्यावर मला कळलं की मी काय बोललो. शेठचा ड्रायव्हर त्यांच्या गाडीतून मागोमाग येत होता, तो त्यांना दवाखान्यात घेऊन गेला. मी एकटा राहिलो. सगळा गाव देवळात होता. मी शेडमध्ये परत गेलो. फळीवर खडूचा तुकडा होता. तो घेऊन आलो, रस्त्याकडेच्या खड्ड्यात पडलेलं चाक उभं केलं, रस्त्यावरचे नट शोधले. पाचातले चार सापडले. प्रत्येक नटवर अर्धी आणि चाकाच्या भोकाशी अर्धी, अशा रेघा मारल्या. कारखान्यात इतकी वर्षं दुसऱ्यांच्या सह्यांखाली शिक्के मारले होते, तसंच ते काम मी नीट केलं.

थोड्या वेळानं मिस्त्री आले. पांढरं धोतर, पांढरा सदरा, टोपी. हातात आपट्याच्या पानांची जुडी. मागे थोरला मुलगा.

त्यांनी गाडीकडे पाहिलंच नाही. आधी मला विचारलं, "तुमाला लागला नाय ना?"

मी मान हलवली.

मग ते चाकापाशी बसले. नट उचलला. अंगठ्यानं खडू पुसून पाहिला. दुसरा नट उचलला.

"खडू हाय," ते म्हणाले.

"हो," मी म्हणालो. "खडू बघूनच मी गाडी काढली."

"मना वाटत व्हता, मी मारला नाय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी चाकाकडे पाहत राहिलो. मोरीखालून पाण्याचा आवाज येत होता.

"मंग मारला आसंल," मिस्त्री म्हणाले. "खडू हाय म्हंजे मीच मारला आसंल."

मुलगा तडकला. "बाबा, कोनाचा जीव गेला आसता तर? किती वेला सांगितला, आता बस करा!" या वेळी मिस्त्रींकडून 'लोकांना दात हायत' वगैरे काही नाही. ते उठले, जुडीतलं एक पान काढलं आणि माझ्यापुढे धरलं. दसरा होता. समोर दिसलेल्या माणसाला सोनं द्यायचं असतं.

"सोना घ्या, सायेब. सोन्यासारखे रावा."

मी हात पुढे केला आणि मला दिसलं, माझी तिन्ही बोटं खडूनं पांढरी होती. मी पान पटकन मुठीत घेतलं. त्यांना दिसलं असेल का? आठ वर्षं मी हाच विचार करतो आहे. दिसलं असेल, तर त्यांनी माझी लाज राखण्यासाठी स्वतःची चूक मानली. दिसलं नसेल, तर ते आपल्याला दोषी समजत जगले. दोन्हीपैकी माझ्यासाठी कमी वाईट कोणतं, तेही ठरवता येत नाही.

दिवाळीपूर्वी शेड निघाली. हत्यारं पूजेतून उठलीच नाहीत. त्या संध्याकाळी मिस्त्रींनी ती उठवली नाहीत, दुसऱ्या दिवशीही नाहीत. शेवटी वहिनींनी त्याच लाल कापडात सगळं गुंडाळलं आणि माळ्यावर टाकलं.

मी भाऊबीज झाल्यावर गेलो. खरं सांगायचं ठरवून गेलो. इमारतीच्या पार्किंगमध्ये एका प्लॅस्टिकच्या खुर्चीवर मिस्त्री बसले होते. अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा, मुलानं आणलेला. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवलेले. समोर जिथे शेड होती तिथे गाळ्यांसाठी खणलेले खड्डे. वहिनींनी चहा आणला आणि मला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणाल्या, "यांचा कायतरी बिनसलाय, भावोजी. गॅस बंद केला का, पाच-पाच वेला उठून बघतात. दाराची कडी लावली तं परत जाऊन हात लावून बघतात. मी म्हनते, आवो लावली कडी! तं मना म्हनतात, 'तू बघितली ना? माजा खरा नको धरू.'"

मी चहा संपवला. मुलगा शेजारी उभा होता. मुलासमोर कसं बोलायचं, असं मी स्वतःला सांगितलं आणि निघालो.

गाडी मी ठाण्यात एका गॅरेजात दुरुस्त करून घेतली. त्यांनी चार दिवसांत मडगार्ड नवा करून दिला. कसा, ते मी विचारलं नाही. मला ठाऊक होतं. पुढच्या उन्हाळ्यात मी ती गाडी स्वतः चालवत मिस्त्रींकडे नेली. म्हटलं, आज वहिनी आणि ते दोघंच असतील. गाडीचं निमित्त होईल, बोलता येईल.

भोंगा ऐकून ते खुर्चीतून उठले. त्यांच्या तोंडावर काहीतरी उजळलं. मडगार्डसमोर उकिडवे बसले, गुडघे धरत धरत. डोळे मिटले. डावा तळवा पत्र्यावरून सरकला. मध्यावर, जिथे दगड लागला होता बरोबर तिथे, थांबला. बोटं जराशी वर झाली, पुन्हा टेकली. म्हटलं, आता म्हणतील 'हितं'. ते 'हितं' म्हणाले की मी सगळं सांगणार होतो. तसं मी मनाशी बोललो होतो.

त्यांनी हात काढून घेतला आणि धोतराला पुसला.

"काय समजत नाय," ते म्हणाले. "माजा हात आता खरा बोलत नाय, सायेब. तुमीच सांगा. बरा झालाय ना?"

रंगाखाली बोटभर जाड लांबी होती. त्यांच्या हाताला ती लागली होती, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. 'तुमचा हात खरं बोलतोय, मिस्त्री,' एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. मला सगळी कबुली द्यावी लागली नसती.

"बरा झालाय," मी म्हणालो. "अगदी पहिल्यासारखा."

"मंग झाला," ते म्हणाले आणि खुर्चीवर जाऊन बसले. हात मांड्यांखाली.

त्यानंतर मी दीड वर्ष गेलो नाही. मधल्या काळात मडगार्डवर एक फोड आला. दोन पावसाळे झाले होते. बोटानं दाबला तर रंग फुटला आणि खालची पिवळट लगदी भुगा होऊन हातात आली. आमची ही आजारी होती तेव्हा. तिला मी सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? रिक्षा करा आणि जा."

मी गेलो. डोंबिवलीपासून शीळफाट्यापर्यंत एकच वाक्य घोकत होतो, शाळेत कविता घोकावी तसं. रिक्षावाल्यानं आरशातून दोनदा पाहिलं. इमारतीपाशी उतरलो. गाळे उभे राहिले होते, एकात मोबाइलचं दुकान, एकात केशकर्तनालय. पार्किंगमध्ये खुर्ची होती, पण भिंतीकडे तोंड करून उलटी ठेवलेली. थोरला मुलगा गाडीत बसत होता. त्याचं डोकं भादरलेलं होतं.

"काका," तो म्हणाला, "तुमाला कोनी कलवला नाय का? काल तेरावा झाला."

मी तिथेच उभा राहिलो. तो भला माणूस, मला वर घेऊन गेला. वहिनींनी पाणी दिलं. भिंतीवर फोटो होता, हार घातलेला, पूर्ण बाह्यांच्या सदऱ्यातला. फोटोत हात दिसत नव्हते.

"तुमची आठवन काढायचे," वहिनी म्हणाल्या. "सायेबांच्या गारीचा चाक माज्या हातानं निघला म्हनायचे. शेवटपर्यंत तोच धरून बसलेले."

मुलगा म्हणाला, "जाऊ दे ना आई. काकांनी कधी एक शब्द बोलून दाखवला नाय आपल्याला. दुसरा कोनी आसता तर गावभर बोंबलला आसता."

मी त्या घरातून, त्यांनी दिलेला चहा पिऊन, त्यांचे आभार घेऊन बाहेर पडलो.

गाडी आता आमच्या सोसायटीच्या आवारात ताडपत्रीखाली आहे. ही गेली, त्यानंतर मी ती चालवलेली नाही. मडगार्डवरचे फोड वाढले आहेत. दर खंडेनवमीला मी ताडपत्री काढतो, हार घालतो. चाकांवरच्या खडूच्या रेघा धुऊन गेल्या. बॉनेटखाली, आत, जिथे पाऊस पोचत नाही, तिथे अजून काही आहेत. मिस्त्रींच्या हातच्या. त्यांतली एकही मोडलेली नाही.

हा लेख मी वहिनींना वाचून दाखवणार आहे. मुलांनाही. पण ते वाक्य त्यांच्यासाठी नव्हतं. रिक्षात घोकलेलं ते वाक्य मला अजून पाठ आहे, आणि ज्यांना सांगायचं होतं त्यांना सांगायचं राहिलं :

मिस्त्री, तुम्ही खडू मारला नव्हता. तुमच्या बरोबर ध्यानात होतं. तो खडू माझा होता.